आप्पा गव्याने वाचवलेलं तिकीट

एका जंगलात आप्पा नावाचा एक म्हातारा गवा राहत होता, आणि जे झालं ती सगळी त्याची चूक होती.

बाळांनो, गोष्टीत हे असं पहिल्याच ओळीत सांगायचं नसतं, मला ठाऊक आहे. शेवटपर्यंत थांबायचं असतं. मग सुस्कारा टाकून म्हणायचं, काय करणार, वेळच तशी होती, बोल कुणाला लावायचा. मोठ्यांच्या गोष्टी अशाच संपतात. ही तशी संपणार नाही. चूक आप्पाची होती. आता निवांत बसून ऐका.

आप्पा दिसायला रुबाबदार होता. काळंभोर अंग, चारी पायांत पांढरे मोजे, कपाळावर कायमची आठी. तो चालला की जमीन हादरायची. पण तो फारसा चालत नसे. तो बसायचा आणि विचारायचा, "केवढ्याला पडलं?"

कुणी चारा आणला, की "केवढ्याला पडलं?" कुणी सावलीची जागा बदलली, की "केवढ्याला पडली?" उत्तर काहीही द्या, तो मान हलवून म्हणायचा, "फसवलं तुला."

कळपात याला अनुभव म्हणत.

आप्पाची बायको माई. तिचा मागचा एक पाय अधू होता. आणि आप्पाची नात तांबू. तरणी कालवड. तिला शिंगं अजून नीट फुटली नव्हती, त्यामुळे मोठ्यांत बोलायची परवानगी नव्हती. ती बोलायचीच.

त्या वर्षी पाणवठा लवकर आटायला लागला. तांबू म्हणाली, "आप्पा, पाणी संपतंय."

"दरवर्षी आटतं," आप्पा म्हणाला.

दरवर्षी आटत नव्हतं. पण आप्पाने ठरवलं होतं, की दरवर्षी आटतं. मग काय बोलणार?

डोंगरापलीकडे नदीकाठच्या कळपात आप्पाची मुलगी भागू दिलेली होती. तिचं पत्र आलं. या जंगलात पत्रं सागाच्या पानावर लिहीत.

"इकडे नदीला पाणी आहे. अजून एका कळपापुरती जागा आहे. मामंजी म्हणतात, येणार असाल तर पळस गळायच्या आत लेखी कळवा, नाहीतर जागा रानडुकरांना देऊ. आईला घेऊन या. वाट बघते."

आता तुम्ही विचाराल, की पत्र कशाला, सरळ चालत का नाही गेले? हुशार आहात. कारण माईचा पाय. डोंगर ती एकदाच चढू शकली असती, तोही ऊन तापायच्या आत. पलीकडे गेल्यावर जागा नाही म्हणाले असते, तर परत फिरायला तिच्यात त्राण उरलं नसतं. म्हणून आधी पत्र. पत्र पोचलं की जागा पक्की, जागा पक्की की माई वाचली. एवढी सोपी गोष्ट होती. ती अवघड करायला मोठी माणसं लागली.

तांबूने एक पान घेतलं. त्यावर लिहिलं, "येतो." आणि आप्पापुढे ठेवलं.

"हे काय?" आप्पाने विचारलं.

"पत्र."

"हे पत्र? व्याह्यांना? तुझ्या आत्याच्या सासऱ्यांना?"

"त्यांनी विचारलंय येता का. आपण येतो. झालं की."

"मायना कुठाय? कृतानेक साष्टांग नमस्कार विनंती विशेष, ते कुठाय? इकडील सर्व क्षेम, ते कुठाय?"

"इकडे क्षेम नाही आप्पा, म्हणून तर चाललोय."

"तसं लिहायचं नसतं," आप्पा म्हणाला. "मुलीकडचे आहोत आपण."

मग आप्पाने मायना सांगितला आणि तांबूने लिहिला. त्याला एक अख्खं पान लागलं. पुढे व्याह्यांना नमस्कार, विहीणबाईंना नमस्कार, थोरल्यांना दंडवत, धाकट्यांना आशीर्वाद, आणि जे मधले त्यांना दोन्ही. मग कळपातले बाकीचे म्हातारे आले. "आमच्याही दोन ओळी घाल गं." एकाने आपल्या गुडघ्यांबद्दल लिहवून घेतलं. एकाने व्याह्यांकडे मागच्या खेपेला विसरलेल्या घंटेची आठवण करून दिली. पानाला पान जोडत गेलं. शेवटी आप्पाने चारी कोपऱ्यांना हळद लावली आणि आत अक्षता घातल्या, कारण शुभ काम होतं.

"येतो" हा शब्द शेवटच्या पानावर गेला. तळाला. ता. क. नंतर.

आता तिकीट.

जंगलाची टपाल कचेरी बेहड्याच्या झाडावरच्या ढोलीत होती. तिथे धनेशीण बसायची. धनेशांची रीत तुम्हाला माहीत असेल. मादी अंड्यांवर बसली की ढोलीचं तोंड चिखलाने लिंपून घेते आणि चोचीपुरती फट ठेवते. याच गुणावर तिला टपालात घेतलं होतं. खिडकी ती स्वतःच तयार करायची, आणि कितीही आरडाओरडा केला तरी बाहेर यायची नाही.

तिचा नियम सोपा होता. दहा गुंजांच्या वजनापर्यंत एक तिकीट. वर गेलं की दोन. एका तिकिटाला मूठभर सुकी बोरं पडत. आप्पाकडे बोरांचा ढीग होता. खालची बोरं तर सडून काळी पडली होती.

तरी आप्पा म्हणाला, "आधी जाणकाराला विचारू."

जाणकार म्हणजे भाऊसाहेब अस्वल. टपालखात्यातून निवृत्त. आयुष्यभर शिक्के मारून उजवा पंजा वाकडा झाला होता, आणि तो सगळ्यांना दिसेल असा तो पुढे ठेवून बसायचा.

"आप्पासाहेब, आधी हे ठरवा," भाऊसाहेब म्हणाला, "हे पत्र आहे, की पाकीट?"

"पत्र."

"आत अक्षता आहेत?"

"आहेत."

"मग आत वस्तू आली. वस्तू आली की पाकीट. आता अक्षता एका कोपऱ्यात जमणार. जमल्या की तिथे उंचवटा येणार. उंचवट्यावर शिक्का नीट उठत नाही. शिक्का उठला नाही, की ते पुडकं. आमच्या वेळी एकाने पाकिटात आवळा घातला होता."

"मग काय झालं?"

"चौकशी अजून चालू आहे."

"पण तिकिटं किती लावायची?" तांबूने विचारलं.

"असं एकदम सांगता येत नाही," भाऊसाहेब म्हणाला.

बाळांनो, जन्मभर एकच काम केलेल्याला त्याच कामातलं काही विचारा. तो हेच म्हणतो.

"मग दोन लावा ना," तांबू म्हणाली. "फार तर काय, एक जास्त जाईल."

कुणीतरी खोकलं.

"एक जास्त?" आप्पा हळू आवाजात म्हणाला. त्याने भाऊसाहेबाकडे पाहिलं. "जास्त लावलं तर परत मिळतं?"

"मिळत नाही."

"ऐकलंस? म्हणजे फुकट गेलं. आज एक तिकीट जास्त लावेल, उद्या घर विकून येईल. ही तरुण पिढी."

"आप्पा, माईचा पाय..."

"पायाचा इथे काय संबंध? इथे तिकिटाचं चाललंय."

भाऊसाहेबाने फांदीला दोन द्रोण बांधून तराजू केला. एकात पत्र, दुसऱ्यात गुंजा. दहा गुंजा टाकल्या तरी पत्र खालीच. अकरावी टाकली तेव्हा दोन्ही द्रोण सारखे झाले.

"एक गुंज जास्त," भाऊसाहेब म्हणाला. "दोन तिकिटं."

"गुंजा कोवळ्या आहेत," आप्पा म्हणाला. "मागच्या सालच्या आणा. जुन्या गुंजा जड असतात."

मागच्या सालच्या आणल्या. तरी अकराच. मग आप्पाने पत्र नाकाला लावून हुंगलं. त्याच्या कपाळावरची आठी मोकळी झाली. त्याला काहीतरी सुचलं होतं. कळपाला भीती वाटायला हवी होती, पण कळपाला कौतुक वाटलं.

"पानात ओल आहे," आप्पा म्हणाला. "ती एक गुंज ओलीची आहे. पाण्याचं टपाल आपण का भरायचं? पत्र वाळवा!"

"वा!" भाऊसाहेब म्हणाला. "एवढ्या वर्षांत हे कुणाला सुचलं नव्हतं."

पाणवठ्यात पाणी नव्हतं, आणि कळपातला सगळ्यात शहाणा प्राणी पत्रातलं पाणी काढत बसला होता.

पत्र खडकावर वाळत घातलं, पापड घालतात तसं. पण पाखरं अक्षता टिपायला यायची. राखण हवी होती.

"माई बसेल," आप्पा म्हणाला. "पाय दुखतो म्हणते ना, मग बसायचंच काम आहे."

खडकावर सावली नव्हती. सावलीत पत्र वाळत नाही.

माई बसली. पाखरू आलं की शेपूट हलवायची. सकाळी बसायची ते पार ऊन उतरेपर्यंत. तांबू दोनदा गेली. "माई, ऊठ तिथून. मी बसते."

"तू उडाणटप्पू, डुलकी काढशील. जाऊ दे गं. त्यांना कळतं सगळं."

हे एक वाक्य माईने जन्मभर जपलं होतं. त्यात तिचीही चूक आहे. पण तिची मी वेगळी धरत नाही. तिची ती भोगून मोकळी झाली.

पत्र कडकडीत वाळलं. वजन केलं. दहा गुंजा! कळप आनंदाने हंबरला. आप्पाने पत्र उचललं आणि ते मधोमध तडकलं.

वाळलेलं पान तडकतंच. तांबूला माहीत होतं, ती बोललीही होती. पण तिला शिंगं नव्हती.

तडकलेलं पत्र बाभळीच्या डिंकाने चिकटवलं. पुन्हा वजन केलं. अकरा गुंजा.

"डिंक ओला आहे," आप्पा म्हणाला. "वाळवा."

माई पुन्हा खडकावर गेली. या वेळी तिला उठवून न्यावं लागलं.

डोंगरावर पळस लालभडक झाला होता. बघता बघता झाडाखालीही लाल दिसायला लागलं. फुलं गळू लागली होती.

डिंक वाळला. वजन अकराच भरलं. तेव्हा तांबूने पत्र दातात धरलं आणि सरळ टपाल कचेरीची वाट धरली. मागून आप्पा, त्याच्या मागून भाऊसाहेब, आणि सगळ्यांच्या मागून, थांबत थांबत, माई.

धनेशिणीने फटीतून चोच काढली. पत्र आत ओढलं, तोललं, बाहेर ढकललं. "दोन."

"जरा नीट बघा मास्तरीणबाई," आप्पा म्हणाला. "खात्याचा काटा खात्याकडेच झुकतो."

"दोन. नाहीतर अक्षता काढा."

"शुभ पत्रातल्या अक्षता काढायच्या? काय बोलता!"

"मग दोन."

"आणि एकच लावलं तर?"

"तरी जाईल."

आप्पाचे कान उभे राहिले. "जाईल?"

"जाईल. कमी पडलेल्याचा दुप्पट दंड घेणाऱ्याकडून वसूल होईल."

"म्हणजे माझ्याकडून नाही?"

"घेणाऱ्याने घेतलं, तर तुमच्याकडून नाही."

आप्पाने भाऊसाहेबाकडे पाहिलं. भाऊसाहेबाने वाकडा पंजा वर केला. "नियम आहे खरा. मला कुणी विचारलंच नाही."

"मग लावा एक!" आप्पा म्हणाला. इतका खूश तो मुलीच्या लग्नातही दिसला नव्हता.

"आप्पा, आत्याच्या दारात दंड मागायला लावणार?" तांबू ओरडली. "तिचे सासरे काय म्हणतील?"

"व्याह्यांना काय कमी आहे? नदी आहे त्यांच्याकडे."

"मी देते दुसऱ्या तिकिटाची बोरं. माझ्या वाटणीची आहेत. हे घ्या."

आप्पाने खूर आपटला. बेहडा हादरला. धनेशिणीने अंडी सावरली.

"माझ्या पत्राला तुझं तिकीट? मी मेलोय का?"

तांबूने बोरं खिडकीपाशी तशीच धरून ठेवली. धनेशिणीने एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा शिंगांकडे. शिंगं आप्पाची होती. तिने एकच तिकीट लावलं.

"जाऊ दे गं," माई मागून म्हणाली. ती उभी राहू शकत नव्हती म्हणून झाडाला टेकली होती.

करकोचा पत्र घेऊन उडाला. डोंगर ओलांडून नदीकाठी उतरला. तिथे भागूचा सासरा, तात्या गवा, पाण्यात बसला होता. आप्पासारखाच. फक्त ओला.

"पाहुण्यांचं पत्र आहे," करकोचा म्हणाला. "दोन तिकिटांचा दंड भरा."

"कोणी?"

"तुम्ही."

"पत्र त्यांनी लिहिलं आणि टपाल मी भरू?" तात्याने पाण्यातून मान वर काढली. "मुलीकडचे ना ते?"

भागू धावत आली. "मामंजी, माहेरचं आहे. मी भरते दंड."

"सुनेने माहेरचा दंड भरायचा? माझ्यादेखत? नदीकाठी तोंड कसं दाखवू मी?" त्याने पत्राकडे निरखून पाहिलं. "कोपऱ्याला हळद आहे. आत काय आहे रे?"

करकोच्याने पत्र हलवलं. आत खुळखुळलं.

"अक्षता!" तात्या म्हणाला. "लग्नाची पत्रिका आहे. आधी दंड भरा, मग आहेर करा. ने परत."

"मामंजी, लग्न कुणाचं असणार? मी येण्याबद्दल विचारलं होतं, त्याचं उत्तर असेल."

"येणाराचं उत्तर एवढं जाड असतं होय? येणार असते तर एका शब्दात लिहिलं असतं."

बाळांनो, सगळ्या गोष्टीत म्हाताऱ्यांपैकी कुणी शहाणपणाचं बोललं असेल तर ते हे एवढंच. तेही पत्र परत पाठवताना.

पळसाखाली सडा पडला. फांद्या मोकळ्या झाल्या. तात्याने जागा रानडुकरांना दिली. रानडुकरं "येतो" असंसुद्धा म्हणाली नव्हती. ती नुसतीच आली होती.

पत्र परत आलं. धनेशिणीने फटीतून सांगितलं, "घेणाऱ्याने नाकारलं. आता दंड पाठवणाऱ्याने भरायचा, तर पत्र मिळेल."

"माझंच पत्र मी विकत घेऊ?" आप्पा म्हणाला. "मला काय वेडा समजलात?"

ते पत्र अजून तिथेच आहे.

पाणवठ्यात आता चिखल होता. तांबू म्हणाली, "आप्पा, आता विचारायचं नाही. आत्ता निघायचं. रानडुकरांना बाजूला सारून आत्या माईसाठी जागा करेल."

"बोलावणं पक्कं नसताना व्याह्यांच्या दारात उभं राहायचं?" आप्पा म्हणाला. "त्यापेक्षा दुसरं पत्र लिहू. या वेळी पातळ पानावर."

आणि त्याने भाऊसाहेबाला बोलावणं धाडलं.

तांबूने ते ऐकून घेतलं नाही. तिने माईला डोक्याने ढोसून उठवलं आणि डोंगराच्या वाटेला लावलं. पहिल्या चढापर्यंत माई आली. तिथे बसली. ऊन पुरतं तापलं होतं. खडकावरच्या राखणीत तिच्यातली ओल पत्राच्या आधीच उडून गेली होती.

आप्पा मागून आला. लवाजमा घेऊन, हळूहळू, मान राखत.

"उठतेस ना?" त्याने विचारलं.

माईने त्याच्याकडे पाहिलं. जन्मात तिने त्याला कधी हिशेब विचारला नव्हता.

"अहो," ती म्हणाली, "ते दुसरं तिकीट केवढ्याला पडलं असतं?"

"मूठभर बोरांना."

"एवढंच?" माई म्हणाली आणि तिने मान खाली टाकली.

नंतर भागूला कळवायचं होतं. तांबूने एक पान घेतलं. त्यावर लिहिलं, "माई गेली." आणि आप्पापुढे ठेवलं.

या वेळी आप्पाने मायना मागितला नाही. दुःखाच्या पत्राला मायना नसतो. क्षेम नसतं, हळद नसते, अक्षता नसतात. कुणी आपल्या दोन ओळी घालत नाही. उलट, पत्राचा एक कोपरा फाडून टाकतात, म्हणजे हातात घेताच समजावं.

भाऊसाहेबाने सवयीने तोललं. "एक तिकीट. बरोब्बर."

आप्पाने मान हलवली.

पत्र उडालं आणि लगेच पोचलं. तात्याने पटकन घेतलं. दंड नव्हता. फाटका कोपरा बघून भागू जिथे होती तिथेच बसली. तात्या म्हणाला, "बघ सूनबाई, मनात आणलं तर पाहुण्यांना तिकीट बरोबर लावता येतं."

तात्पर्य : बाळांनो, तिकीट नेहमी तोलूनमापूनच लावावं. घाई करू नये, थोरामोठ्यांना विचारल्याशिवाय तर मुळीच लावू नये. आणि काही झालं तरी एक जास्त लावू नये. आप्पाने लावलं नाही. त्याचं एक तिकीट वाचलं. बायको गेली.